दाताचा डॉक्टर निर्दोष आहे

खुनी ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या इमारतीत नाही. शेजारच्या इमारतीतही नसावा, पण तिथे माझं फारसं जाणं-येणं नाही. सिनेमा कुठल्याही देशातला असो, पहिलं प्रेत पडलं की मी खुर्चीत जरा मागे रेलतो, डोळे बारीक करतो आणि बोट दाखवतो, "हा." संपलं. पुढचा सिनेमा मी केवळ दिग्दर्शकाला वाईट वाटू नये म्हणून बघतो. बायको म्हणते, आजवर माझा एकही 'हा' खरा निघालेला नाही. पण त्यात माझा काय दोष? दिग्दर्शक ऐनवेळी कच खातात.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्यावरून लोकांनी माझ्याबद्दल भलतेच समज करून घेतलेत. हल्ली मी लिफ्ट सोडून जिन्याने जातो तो तब्येतीसाठी, असाही एक समज आहे. तोही चुकीचाच आहे.

भांडणाचं मूळ म्हणजे खोली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. ती कशासाठी बांधली हे बांधणाऱ्यालाही आठवत नाही. एक मोडकी सायकल, रंगाचे वाळलेले डबे आणि कुणाचंच नसलेलं एक कपाट असा संसार तिथे वर्षानुवर्षं सुखाने नांदत होता. मग कमिटीला कधी नव्हे ती सफाईची हुक्की आली. खोली रिकामी झाली, आणि रिकामी जागा बघून माणसाच्या मनात जे येतं ते सगळ्यांच्याच मनात आलं. मला तिथे सिनेमा मंडळ हवं होतं. डंबेलला व्यायामशाळा हवी होती.

डंबेल म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. पाठीमागे सगळे त्यांना डंबेल म्हणतात, तोंडावर 'डॉक्टरसाहेब'. त्यांचे दंड असे आहेत की पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच आ करतो. भूल नंतर देतात म्हणे, गरज वाटली तर. त्यांनी ट्रेडमिल आधीच विकत घेऊन ठेवली होती. ती घरात मावेना, म्हणून जिन्याच्या वळणावर पांढरी चादर पांघरून उभी केली होती. दूधवाला एकदा तिला बघून दूध तिथेच टाकून पळाला.

निर्णय अध्यक्षांच्या हातात. आमचे अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की ती आधी बंद करून बघायची त्यांना सवय आहे. तासभर दोन्ही बाजू ऐकून ते म्हणाले, "असं करा. रविवारी दुपारी एक सिनेमा दाखवा. बघणाऱ्यांच्या प्रतिक्रिया मी स्वतः घेणार. बऱ्या आल्या तर खोली तुमच्या मंडळाची. नाहीतर डॉक्टरांची."

"बऱ्या?" मी उभाच राहिलो. "अहो, लोकांनी डोक्यावर घेतला नाही, तर डॉक्टरांची ट्रेडमिल मी स्वतःच्या हातांनी उचलून या खोलीत आणून ठेवीन!"

टाळ्या पडल्या. डंबेलने सगळ्यात जोरात वाजवल्या. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "खुर्ची सरकवायची म्हटलं तर कंबर धरता. ट्रेडमिल उचलणार म्हणे."

सिनेमा मात्र मी आधीच हेरून ठेवला होता. माझा मेव्हणा कॉम्प्युटरमधला. असले सिनेमे तो कुठून कुठून गोळा करतो आणि मला पेन ड्राइव्हवर आणून देतो. हा होता स्कँडिनेव्हियातला. तिकडचे खुनाचे सिनेमे जगात नावाजलेले आहेत, असं मेव्हणा सांगतो. सगळीकडे बर्फ, माणसं कमी, बोलणं त्याहून कमी, आणि जाड स्वेटर घातलेली एक तपास करणारी बाई. दोन भाग होते. पहिला भाग मी घरी सोफ्यावर बसून पाहिला होता. सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या, त्याही विणकाम घेऊन शेजारी बसल्या होत्या. पहिलं प्रेत बर्फाखालून निघालं तसं मी बोट दाखवलं, "हा पाद्री." आणि मग उरलेला सिनेमा डोळे मिटून, एकाग्रतेने ऐकला.

"घोरत होता तुम्ही," बायको म्हणते.

एकाग्रतेला आवाज नसतो असं कुणी सांगितलं?

तर, त्यात पाद्रीच खुनी आहे हे मी दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं. चांगली गोष्ट आपल्यापुरती ठेवणं मला जमत नाही. आता ज्याचा खुनी सगळ्या इमारतीला पाठ आहे तो सिनेमा दाखवून काय उपयोग? म्हणून थेट भाग दोन.

पण नमनालाच घडाभर तेल. नोटीस लिहून अध्यक्षांकडे नेली. सिनेमाचं नाव मी मेव्हण्याने दिलं तसं, तिकडच्या अक्षरांत लिहिलं होतं. एका अक्षराच्या डोक्यावर टिकली, दुसऱ्याच्या पोटातून तिरकी रेघ.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "हे अक्षर खोडलंय का?"

"नाही, ते तसंच असतं."

"खाडाखोड असलेली नोटीस लावता येत नाही."

"साहेब, ती त्यांची लिपी आहे."

"मग त्यांच्याकडे लावा."

शेवटी फलकावर लागलं, 'परदेशी सिनेमा, भाग दोन'. मग पुढचा प्रश्न आला. "खून किती आहेत?"

"असतील दोन-तीन."

"नक्की सांगा."

"तीन."

"जरा जास्त नाही होत?"

"साहेब, थंड देश आहे. लोकांना बाहेर पडता येत नाही."

हे त्यांना पटलं. अंधार मात्र पटेना. इतकी माणसं अंधारात बसवली आणि कुणी अडखळून पडलं तर जबाबदार कोण, असा मुद्दा डंबेलने काढला. पडणाऱ्यांची एवढी काळजी असलेला माणूस जिन्याच्या वळणावर भूत उभं करतो, हे मी बोललो नाही. मागची एक ट्यूब चालू ठेवायची, असं ठरलं.

पडद्यासाठी बायकोने चादर दिली, पण चांगली नाही. म्हणाली, "ही घ्या. तुम्हीच इस्त्री केलेली." त्या चादरीवर डाव्या बाजूला इस्त्रीच्या आकाराचा एक तपकिरी डाग होता. मी म्हटलं, असू दे, सिनेमा सुरू झाल्यावर डागाकडे बघतंय कोण!

रविवारी लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. पहिल्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या शेजारी चौथ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक, मग विणकाम घेऊन सासूबाई, आणि टोकाला दोन खुर्च्या अडवून डंबेल. मेव्हण्याने सकाळी फोन करून विचारलं होतं, "भाऊजी, येऊ का लवकर? मीच लावून देतो."

"अरे, हे काय रॉकेट सोडायचंय?" मी म्हटलं. "ये निवांत."

आता यात एक बारीक गोम होती. सिनेमा तिकडच्या भाषेत, आणि कुणा भल्या माणसाने आपल्या भाषेत केलेल्या खालच्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये. त्या आपण जोडायच्या. दोन भाग, म्हणजे ओळींच्या दोन फाइली. नावं एकसारखी, लांबलचक, टिकल्या-रेघांनी भरलेली, शेवटचा आकडा तेवढा निराळा. माझा चष्मा घरी राहिला होता आणि लोक खुर्च्या वाजवत होते. म्हटलं, खुनी ओळखणाऱ्याला फाइल ओळखायला चष्मा कशाला? बोट ठेवलं, "ही."

ती पहिल्या भागाची होती. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे निदान तुम्ही तरी आमच्या डॉक्टरसारखे फसणार नाही.

सिनेमा सुरू झाला. गोठलेलं तळं. लांबवर पसरलेलं, पांढरंफटक. चिटपाखरू नाही. आणि खाली ओळ उमटली, 'तुला माझी आठवण येते का?'

प्राध्यापक खुर्चीत ताठ झाले. "तळं बोलतंय," ते कुजबुजले. "अरे, तळंच बोलतंय!"

मग स्वेटरवाली बाई गाडीतून उतरली, एका माणसाला खूप वेळ काहीतरी सांगत राहिली. हातवारे केले, तळ्याकडे बोट दाखवलं, आवाज चढवला. खाली आलं, 'नाही.' त्यावर तो माणूस नुसता "हं" म्हणाला, आणि खाली तीन ओळी भरून मजकूर आला, लहानपण, बापाची होडी, बुडालेला भाऊ, सगळं.

"हे कसं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. तज्ज्ञ म्हणून मला बोलणं भाग होतं. "तिकडची भाषाच तशी आहे," मी म्हटलं. "कधी एका हुंकारात सगळं मावतं, कधी तासभर बोलून हाती काही लागत नाही."

"आमच्या मीटिंगसारखं," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

मग तो कुत्रा आला. एक म्हातारा पोस्टमन, त्याचा पांढरा कुत्रा. पोस्टमन आत गेला, कुत्रा दारात बसून थेट आमच्याकडे बघत राहिला. आणि खाली आलं, 'मला सगळं माहीत आहे. पण मी बोलणार नाही.'

खोलीत असा शहारा गेला की मागची ट्यूबसुद्धा फडफडली. बायकोने माझा हात धरला. लग्नानंतर सिनेमाच्या वेळी पहिल्यांदाच. "अहो, कुत्र्याला माहितीये!"

त्यात आमचा डाग. चादरीच्या डाव्या बाजूला जो कुणी उभा राही त्याच्या गालावर तो इस्त्रीचा तपकिरी डाग यायचा. आधी तो पोस्टमनच्या गालावर आला, मग बाईच्या, मग कुत्र्याच्या. "ज्याच्या गालावर डाग तो खुनी," असं मागच्या रांगेने ठरवून टाकलं. तो सगळ्यांच्याच गालावर येतोय हे ध्यानात आल्यावर प्राध्यापक उभे राहून म्हणाले, "म्हणजे आपण सगळेच अपराधी!" अध्यक्ष म्हणाले, "खाली बसा, दिसत नाही."

डंबेल पहिल्या प्रेतापासून तोंड वाकडं करून बसला होता. मध्येच एक किडकिडीत माणूस आला, पांढरा कोट, हातात दाताची पक्कड. डंबेल एकदम पुढे सरकला. "आमच्यातला आहे!" तेव्हापासून त्याने डोळ्याची पापणी हलवली नाही. दाताचा डॉक्टर रात्री बर्फातून एकटा चालतोय, हाताला रक्त, मागे बाई. खाली ओळ, 'सूप गार होतंय.'

"बघा," डंबेल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घरी कुणीतरी वाट बघतंय त्याची. आमचं असंच असतं हो. वेळेवर जेवण नाही."

शेवटी तळ्याच्या मधोमध बाईने त्या दाताच्या डॉक्टरला गाठलं. त्याच्या हातात बेड्या घातल्या. डॉक्टरने मान खाली घातली. आणि खाली, ठळक अक्षरांत, 'तुम्ही निर्दोष आहात. घरी जा.'

बेड्या घालून निर्दोष! प्राध्यापकांनी कपाळावर हात मारला, "व्यवस्थेच्या थोबाडीत मारली हो!" आणि डंबेल, ज्याच्या खुर्चीत बसून अर्धी इमारत रडली आहे, तो डंबेल रुमाल तोंडाला लावून हुंदके देत होता.

पहिला भाग दुसऱ्याहून लांब निघाला, त्यामुळे काळ्या पडद्यावर नावं वर सरकत असतानाही खाली ओळी येतच राहिल्या. 'थांबा. अजून एक जण आहे.' कुणीही उठलं नाही. 'आपल्या मागेच उभा आहे.' सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मागे नेमका मेव्हणा नुकताच येऊन उभा राहिला होता. कुणीतरी किंचाळलं.

मग प्रतिक्रिया. अध्यक्षांनी एकेकाला उभं केलं. प्राध्यापक म्हणाले की आयुष्यभर शिकवलं ते फुकट गेलं, खरी कलाकृती आज बघितली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या की कुत्र्याने जे काम केलंय ते माणसाला जमणार नाही. एकजण म्हणाला, काही कळलं नाही, पण फार आवडलं. शेवटी डंबेल उठला.

"मी आज विरोध करायला आलो होतो," तो म्हणाला. "पण आजवर सिनेमात दाताचा डॉक्टर म्हटला की एक तर विनोदी, नाहीतर क्रूर. पहिल्यांदा आमच्या पेशाला न्याय मिळाला. निर्दोष म्हटलं त्याला. खोली घ्या तुम्ही. माझी ट्रेडमिल राहील बाहेर." आणि त्याने मला मिठी मारली. माझ्या खांद्यातून काहीतरी वाजलं. मी ते आनंदाने सहन केलं.

अध्यक्षांनी निर्णय दिला. पण पाणीपुरवठ्याची सवय. एकदम पूर्ण नळ सोडायचा नाही. "लोकांची मागणी आहे की आता पहिला भागही बघायचा. पुढच्या रविवारी तो दाखवा. झाला की तिथेच खोलीची किल्ली तुमच्या हातात."

घरी मी पाय पसरून बसलो. चहा आला. बिस्किटं आली, न मागता. सासूबाई विणकामाच्या सुया गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू?"

"विचारा ना, आई."

"ते 'मला सगळं माहीत आहे, पण मी बोलणार नाही' हे पहिल्या भागातल्या म्हातारीचं वाक्य ना? देवळातली घंटा वाजवते ती. आणि 'तुम्ही निर्दोष आहात' हे त्या पाद्र्याला म्हणतात. सगळ्या ओळी त्याच होत्या हो. शब्दन् शब्द."

बिस्किट चहात पडलं.

"तुम्ही... तुम्हाला तिथेच कळलं होतं?"

"तळं बोललं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघात जावयाला कसं बोलायचं?" सासूबाई म्हणाल्या. "मला आपलं वाटलं, तुम्ही मुद्दाम काही नवीन प्रयोग करताय."

बायको हसता हसता जमिनीवर बसली. तेवढ्यात मेव्हण्याने पेन ड्राइव्ह तपासला आणि शांतपणे सांगितलं, "बरोबर. एक नंबरची फाइल लागली होती. आणि भाऊजी, त्या दुसऱ्या भागात दाताचा डॉक्टरच खुनी आहे. तिन्ही खून त्यानेच केलेत. पकडीने."

मी उठून दाराची कडी लावली.

पुढचा आठवडा कसा गेला विचारू नका. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना सिनेमातल्या ओळी म्हणून दाखवत होते. कमिटीत पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारला तर अध्यक्ष म्हणाले, "मला सगळं माहीत आहे, पण मी बोलणार नाही," आणि सगळे खूश. डंबेलने तर दवाखान्यात पाटी लावली, 'दाताचा डॉक्टर निर्दोष आहे'. पेशंट वाढले म्हणे. घाबरून का होईना.

आणि आता पहिला भाग दाखवायचा! त्याच्या खाली त्याच्याच ओळी आल्या की चोरी उघडी. मी अध्यक्षांना सुचवून बघितलं की पहिला भाग तितकासा चांगला नाही. प्राध्यापक म्हणाले, "मुळं बघितल्याशिवाय झाड कळत नाही." मी म्हटलं, खुनी तर सगळ्यांना माहीत आहे. वहिनी म्हणाल्या, "खुनी गेला खड्ड्यात, आम्हाला त्या कुत्र्याचं बालपण बघायचंय."

तेव्हा मला सुचलं, आणि कौतुक नको, पण अशी गोष्ट सुचायला डोकं लागतं. पहिल्या भागाला दुसऱ्या भागाच्या ओळी लावायच्या! एकदा उलटं जमलं, तर दुसऱ्यांदा का नाही? या वेळी मात्र मी मेव्हण्याला बोलावलं. "हे बघ, सिनेमा एक नंबरचा, ओळी दोन नंबरच्या. कळलं?"

"भाऊजी, पण असं..."

"प्रश्न नकोत. एक आणि दोन."

"एक आणि दोन," तो म्हणाला. मुलगा गुणी आहे. तिथेच घात झाला.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या इमारतीतलेही आले होते. अध्यक्षांच्या खिशातून किल्ली डोकावत होती. चादर तीच, डाग तोच. लोकांनी मागणीच केली होती की डाग पाहिजे.

सिनेमा सुरू झाला. एक तरुण बाई खिडकीत उभी. मागून नवरा आला. बाईने ओठ हलवले, आणि खाली ओळ आली, 'तुला माझी आठवण येते का?'

ही तर एक नंबरचीच ओळ! लोक मात्र खूश. "अरे वा! तेच वाक्य!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

पुढचं वाक्य आलं, तेही लोकांना पाठ. मग त्याच्या पुढचं. लोक आधी ओळी म्हणायचे, मग त्या पडद्यावर यायच्या. पहिली पंधरा-वीस वाक्यं असा समूहपाठ झाला. मग हळूहळू आवाज कमी व्हायला लागले. घंटा वाजवणारी म्हातारी आली, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, 'मला सगळं माहीत आहे. पण मी बोलणार नाही.'

"हे कुत्र्याचं वाक्य आहे!" वहिनी ओरडल्या.

"म्हातारीने चोरलं!" मागून.

प्राध्यापक उभे राहिले. "ही सरळसरळ नक्कल आहे! पहिल्या भागाने दुसऱ्या भागाची नक्कल केलीय! काय दर्जा घसरलाय!"

"आणि मजा काय येतेय यात?" शेजारच्या इमारतीतला म्हणाला. "जो बोलतोय त्याचंच वाक्य खाली येतंय. हे तर कुणीही करेल."

मी गर्दीतून वाट काढत मेव्हण्याजवळ पोचलो. "अरे, काय लावलंस?"

तो अभिमानाने, आणि खोलीत नेमकी शांतता असताना, मोठ्याने म्हणाला, "काळजी करू नका भाऊजी. तुम्ही मला परत उलटंच सांगितलं होतं. मी नीट करून घेतलं. मागच्या रविवारी तुम्ही पहिल्या भागाच्या ओळी दुसऱ्याला लावल्या होत्या ना, तसा घोळ परत नको. आपल्या घराची इज्जत आहे."

अध्यक्षांनी सिनेमा थांबवायला लावला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विणकामात मान घातली. चारचौघात जावयाला त्या आजही काही बोलणार नव्हत्या.

डंबेल सावकाश उठला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. पेशंटला 'काही दुखणार नाही' म्हणतो तसा. "म्हणजे... त्या दुसऱ्या भागात, तो दाताचा डॉक्टर..."

मी मेव्हण्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. "तोच खुनी," मेव्हणा म्हणाला. "तीन खून. पकडीने. मी ओळी वाचल्यात."

डंबेल खाली बसला. खुर्ची मोडली.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, निदान हा तरी शेवटपर्यंत बघू. बघितला. शेवटी स्वेटरवाल्या बाईने पाद्र्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'तुम्ही निर्दोष आहात. घरी जा.' खुनी ती घंटा वाजवणारी म्हातारी निघाली.

"तुम्ही तर पाद्री म्हणाला होता," अध्यक्ष मला म्हणाले. ही त्या दिवसाची शेवटची प्रतिक्रिया. त्यांनी किल्ली खिशातून काढली, डंबेलच्या हातात दिली आणि मला विचारलं, "ट्रेडमिल कधी उचलताय?"

दिलेला शब्द मी पाळतो. आजवर पाळायची वेळ आली नव्हती, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याच्या वळणावर गेलो, ट्रेडमिलवरची चादर काढली आणि कंबर धरली. निम्मी इमारत जिन्यावर उभी होती. कुणी म्हणे आडवी घ्या, कुणी म्हणे उभी घ्या. प्राध्यापकांच्या मते ट्रेडमिल चालू केली असती तर ती आपणच चालत गेली असती. पहिल्याच पायरीवर कठडा घासला तसा डंबेलचा जीव कळवळला. "सोडा, माझी वस्तू आहे," म्हणत तो माझ्या शेजारी येऊन लागला. आम्ही दोघं पुढे, पाठमोरे. मागून ढकलायला मेव्हणा आणि अध्यक्ष.

तळमजल्यावर खोलीच्या दाराशी आलो. आम्ही दोघं पाठमोरे आत शिरलो. ट्रेडमिल अर्धी आत आली आणि चौकटीत अडकली. आत येईना, बाहेर जाईना. मेव्हण्याने आणखी एकदा नीट करून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा ती पक्की बसली. खोलीला दुसरं दार नाही. खिडकीला गज आहेत. बायकोने गजांतून चहा दिला, दोन कप. डंबेल भिंतीला टेकून बसला, मी डागाच्या पडद्याखाली.

चौकट कापायला सुताराला निरोप धाडला. सुतार आला नाही. त्याची दाढ सुजली होती, आणि दाताचा दवाखाना बंद होता.